बा मराठीत का कानडीत

मालू : ...म्हणून म्हणते, आधी गावात दवंडी पिटव. जिनं वीस वर्षं हॉटेलात नाचून अख्ख्या बेंगळूरला झोपू दिलं नाही, ती मिस फ्लोरा आज आपल्या पायांनी कंग्राळीला परत आली.

भरमू : पायातलं तेवढं भाईर काढून ये, आक्का. आत्ताच फरशी पुसलीया.

मालू : एवढ्या वर्षांनी सख्खी बहीण दारात उभी आहे आणि तुला फरशी दिसते?

भरमू : बहीण बी दिसतीया. पर फरशी मी पुसलीया. सून शाळंत शिकवाय जाती. बायको गेल्यापासनं फरशी माझ्याकडं हाय.

मालू : हे निघत नाहीत रे.

भरमू : बूट हायती का दात हायती, निघंनात म्हणं?

मालू : सँडल म्हणतात याला. बक्कल पाठीमागं आहे. दोन्ही गुडघे गेल्या साली बदललेत, वाकता येत नाही. काल बेंगळुरात शेजारणीनं घालून दिले.

भरमू : मग काढाय शेजारीण कवा यायची?

मालू : तू वाक की जरा.

भरमू : चौतीस वर्सं फौंड्रीत साचे उचललं. कंबर तितंच ठेवून आलोया, फरशी बी दांड्याच्या फडक्यानं पुसतो. आता ह्या घरात वाकणारं कुणी न्हाय. ये तशीच, कडंकडंनं ये. आन् गळ्यात ते काय घाटलंयस?

मालू : शहामृगाची पिसं.

भरमू : तुला बघून आमच्या कोंबड्या खुराड्यात शिरल्या. त्यास्नी कायतरी वळख पटल्यागत दिसतीया.

मालू : ...बरं. कोंबड्याचीच आहेत. रंग मी दिला. पण वीस वर्षांत एकालाही कळलं नाही.

भरमू : तितं कोंबड्या येत नसतील.

मालू : तू अजून तसाच आहेस. बा कुठंय?

भरमू : मधल्या खोलीत निजलाय.

मालू : मग मी बघून येते नुसतं.

भरमू : बस आधी. पाणी पी. एवढी वर्सं गेली, आनि पंधरा मिनिटं जाऊंद्यात.

मालू : तू त्याच्या खोलीच्या दारात असा आडवा का बसलास?

भरमू : वारं येतंय हितं.

मालू : दार बंद आहे, भरमू.

भरमू : फटीतनं येतंय. पी पाणी.

मालू : गावात माझ्याबद्दल काय सांगितलं होतंत?

भरमू : टेलिफोन हाफिसात हाय म्हणून. तू पत्रात तसंच लिवलंतंस. तवा गावात फोनच न्हवता, म्हणून कुणाला पडताळा घेता आला न्हाय. मग तालमीजवळ फोनचा डब्बा बसला, तर लोकं बाला म्हणाय लागली, जरा मालूला सांगून आमची लाईन लवकर लागंल असं बघा.

मालू : आणि बा?

भरमू : बा म्हणायचा, सांगतो. आन् गंमत बघ, लोकांच्या लाईनी लागायच्या. तेच्यामुळं तुझं नाव लई झालं. पाटलाची आजी मरूपर्यंत तुझं उपकार सांगत हुती.

मालू : एकदा येऊन जायला हवं होतं मी.

भरमू : व्हय. यायला पायजे हुतंस.

मालू : हे तू रागानं म्हणतोस का?

भरमू : राग कसला. माझ्या लग्नात करवली म्हणून मावशीच्या पोरीला उभा केलं. तिला शिंका येत हुत्या. सगळ्या फोटोत माझ्यामागं तोंड वाकडं करून उभी हाय. ती फोटो बघितली की तुझी आठवण येती, एवढंच.

मालू : मला पत्रिकाच आली नाही, भरमू.

भरमू : ते बी सांगतो. पर आधी तू सांग. आत्ताच कशी आलीस? आजारी हाईस?

मालू : गुडघे सोडले तर ठणठणीत आहे. मागच्या महिन्यात एका क्लबवाल्यांनी बोलावलं होतं. नवीन पोरं, नवीन क्लब. जुन्या काळची संध्याकाळ अशी काहीतरी टूम. त्यातल्या एका मुलीनं मला शोधून काढलं. म्हणाली, आजी, आजकाल आम्ही पुस्तकात वाचतो ते तुम्ही खरंच केलंय. मी म्हटलं, आजी म्हणशील तर येणार नाही. मग मॅम म्हणाली.

भरमू : आन् नाचलीस? ह्या गुडघ्यावर?

मालू : खुर्चीवर बसून. चाकाची खुर्ची होती, तिला चारी बाजूंनी बल्ब लावले होते. चौघांनी ढकलत स्टेजवर आणली.

भरमू : गणपतीगत.

मालू : विसर्जनाच्या. खरं सांगते. पण मी वरच्या अर्ध्या अंगानं असं काही करून दाखवलं, की पोरं बघतच राहिली. हात, मान, डोळे. या पिसांचा पंखा असा उघडायचा आणि त्याच्यामागून फक्त एक भुवई. एक भुवई, भरमू. पूर्वी त्या एका भुवईवर माणसं हॉटेलात जेवायची विसरायची. आणि मग शेवटी दिवे मंद करून, नेहमीसारखं...

भरमू : बा म्हणून वरडलीस.

मालू : तुला काय ठाऊक?

भरमू : सौम्यानं मोबायलात दाखीवलं. माझी धाकटी. ती बी बेंगळुरातच हाय, कंपनीत. तिच्या कुठल्यातरी मैत्रिणीनं धाडलंतं. तिला म्हायती बी न्हवतं ती तिची आत्या हाय म्हणून. म्हणाली, आप्पा, हे बघा, कसली भारी म्हातारी हाय. मी बघितलं आन् चा सांडला.

मालू : भारी म्हणाली?

भरमू : म्हातारी बी म्हणाली.

मालू : मग बघितलं असशील. मी हाक मारली आणि कुणीच काही बोललं नाही. टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून वाजवल्या. पण 'बंदे' कुणी म्हणालं नाही. माझ्या काळात मी 'बा' म्हटलं की दोनशे गडी एका सुरात 'बंदे' म्हणायचे. कानडीत 'बा' म्हणजे ये. ये म्हटल्यावर आलो म्हणायचं, एवढी साधी गोष्ट. रस्त्यावरची वाहनं थांबायची. या पोरांतल्या निम्म्यांना कानडी येत नव्हतं आणि उरलेल्यांना हाकेला ओ द्यायची सवय नव्हती. तो अंधार, भरमू. इतका रिकामा अंधार मी स्टेजवरून कधी बघितला नव्हता.

भरमू : म्हणून आलीस?

मालू : दुसऱ्या दिवशी तिकीट काढलं. म्हटलं, आता मधे बोलणारं कुणी उरलं नाही. तर ज्याला खरी हाक मारली होती त्याला कदाचित ऐकू जाईल.

भरमू : मोबायल बानं बी बघितला.

मालू : बानं?

भरमू : सौम्या दाखवीत हुती तवा शेजारीच बसलंता. उजव्या कानानं आयकू येतंय त्याला, डावा पार गेलाय. दोनदा लावाय सांगितलं. मग तेच इचारलं, जे त्यो चाळीस वर्सं इचारतोय.

मालू : काय?

भरमू : सांगतो. पर आधी त्या दिवसाचं तुझ्या तोंडनं आयकू दे. बा बेंगळूरला आलता, तुला ठाव हाय?

मालू : ठाऊक आहे.

भरमू : कसं?

मालू : कुंद्यावरनं. खेळ संपल्यावर मागच्या दारानं निघाले तर दारवाला डब्यातून कुंदा खात होता. बेळगावचा. मी विचारलं, कुणी दिला. म्हणाला, एक मुका माणूस आला होता, फेटेवाला. बोटानं आपल्याकडं दाखवलं, मग आतल्या दिशेला दाखवलं. बिचारा मुका म्हणून मीच त्याला तिसऱ्या रांगेत नेऊन बसवलं. मधेच उठून बाहेर आला, डबा माझ्या हातात दिला आणि गेला. आता सांग, बेळगावचा कुंदा घेऊन येणारा, फेटा बांधणारा आणि बेंगळुरात मुका होणारा माणूस जगात किती असतील?

भरमू : एकच. त्येनं म्हसोबाम्होरं शपथ घेतलीया, गाव मराठी मुलखात यीपर्यंत कानडी तोंडातनं काडणार न्हाय म्हणून. कळतंय सगळं. बोलायचं न्हाय. बसमधी कंडक्टरला बोटानं दाखवायचा. एकदा गोकाकच्या बाजारातनं म्हस आणली. तिला कानडीच कळायचं. बा तिच्यासंगट बी बोलला न्हाय. मला हाक मारायचा, भरमू, हिला सरक म्हणून सांग.

मालू : म्हशीलाही?

भरमू : धा वर्सं मी दुभाष्या हुतो. म्हस मेली तवा बा रडला. पर मराठीत.

मालू : तोच तो. त्या दिवशी साडेसहाचा खेळ होता. मी मोराचा पोशाख घातला होता, पाठीवर तीन हात पिसारा. बँड वाजतोय, मी वळले, पिसारा उघडला, आणि दिवा फिरत फिरत तिसऱ्या रांगेवर गेला. तिथं बा. मांडीवर डबा, डब्यावर दोन्ही हात, जसा शाळेत मास्तरांसमोर बसावा तसा. भरमू, माझ्या तोंडातून ते निघालं. मी काढलं नाही. निघालं.

भरमू : बा.

मालू : बा. एवढंच. आणि त्या हॉलातल्या दोनशे माणसांना वाटलं, फ्लोरा आपल्याला ये म्हणती. आधी एकजण 'बंदे' म्हणाला, मग सगळे. टोप्या उडाल्या. एकजण तर टेबलावरून स्टेजवर चढायला लागला, त्याला वेटरांनी पायाला धरून ओढला. आणि त्या सगळ्या गोंधळात मी बघितलं, बा उठला.

भरमू : उठला.

मालू : उठला आणि मला कळलं. बापानं पोरीला पिसात बघितलं आणि उठला. याच्यापुढं काय कळायचं राहिलं? मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा खुर्ची रिकामी. मग मी कुठल्या तोंडानं येणार होते गावाला? तूच सांग.

भरमू : मग रोज कशाला वरडाय लागलीस?

मालू : मॅनेजरनं सांगितलं. त्याला वाटलं ही नवी युक्ती आहे. म्हणाला, फ्लोरा, आता रोज शेवटी हे पाहिजे. पोस्टरवर छापलं. वीस वर्षं. रोज मी तिसऱ्या रांगेकडं तोंड करून हाक मारायची आणि रोज दोनशे परके लोक 'आलो, आलो' म्हणायचे. भरल्या हॉलात एक न येणारा माणूस कसा दिसतो, हे मला विचार.

भरमू : ...आता माझं आयक. माझं लगीन ठरलंतं. पत्रिका छापून आल्या. पयली देवाला ठेवली, दुसरी बा म्हणाला मालूला, आन् टपालानं धाडायची न्हाय, हातानं द्यायची. तुझ्या पत्राच्या पाकिटावर पत्ता हुता, हॉटेलाचा. टेलिफोन हाफिस हॉटेलात कसं, असं त्येनं इचारलं न्हाय. कुंदा घेतला, फेटा बांधला, गेला. तिसऱ्या दिवशी माघारी आला. खाटंवर बसला, तांब्याभर पाणी प्याला. आई म्हणाली, भेटली का? तर म्हणाला, बघितली. बारीक झालीया. आन् अंगावर लई पिसं हायती.

मालू : एवढंच?

भरमू : आई म्हणाली, मग बोलला न्हायसा? तर बा काय म्हणला, मी तवा सोप्यात हुतो, शब्द न शब्द ध्येनात हाय. म्हणला, तिनं हाक मारली. मी उठलो. आलो म्हणणार, तवर सगळा हॉल आलो म्हणला. मग माझं आनि काय राहिलं?

मालू : ...उठला तो जायाला न्हाय?

भरमू : यायाला उठलंता.

मालू : माझ्याकडं?

भरमू : मग काय त्या बँडवाल्याकडं? 

मालू : मला वाटलं... भरमू, एवढी वर्सं मला वाटलं त्यो लाजून उठला.

भरमू : तुझं मराठी घरावर आलं बघ.

मालू : गप रं. म्होरं सांग.

भरमू : म्होरं काय. पत्रिका खिशातच राह्यली. हाय माझ्या ट्रंकंत, दावतो मागनं. आन् तवापासनं आमच्या घरात एकच इचारणं. दिवाळीला, शिमग्याला, मधीच जेवताना घास थांबवून. 'भरमू, ती बा म्हणाली ते मराठीत का कानडीत?' मराठीत आसंल तर तिनं मला हाक मारली आन् मी माघारी आलो, म्हंजे मी पापी. कानडीत आसंल तर ती गिऱ्हाइकाला ये म्हणाली, आन् मी उगंच उठलो. दोन्हीकडनं त्येला झोप न्हाय. सगळ्या मुलखाचा सीमाप्रश्न निराळा, आक्का. आमच्या घरात चाळीस वर्सं ह्यो एवढाच हाय.

मालू : आन् तू काय सांगायचास?

भरमू : मी काय सांगणार? मी म्हणायचो, अर्ज केलाय, तारीख पडलीया.

मालू : म्हणून दारात आडवा बसलायस?

भरमू : व्हय. त्येची नव्वदी झालीया. आत जाऊन तू नुसतं पाया पडून, रडून, फोटू काडून जाशील, आन् त्यो परत मला इचारील. मला आता जमत न्हाय. आज उत्तर दे, मग आत जा. मराठीत का कानडीत?

मालू : पयल्या दिवशी मराठीत.

भरमू : आन् दुसऱ्या दिवसापासनं?

मालू : दुसऱ्या दिवसापासनं तोंडानं कानडीत. पोस्टरावर तसंच छापलंतं. आतनं मराठीत.

भरमू : म्हंजे दोन्हीकडचं.

मालू : मग, मी जल्मले कुठं? सीमेवरच की. दुसरं काय निघणार तोंडातनं?

भरमू : हे मला सांगू नगं. त्येला सांग. उजव्या अंगाला बसून सांग.

मालू : तूच सांग की रं, भरमू. दुभाष्या हाईस तू. म्हशीचं सांगायचास, भनीचं सांग.

भरमू : म्हस ल्हान हुती, काम सोपं हुतं. हे तुझं तू कर.

मालू : माझं पाय कापाय लागलं. पाच हजार खेळ केलं, कवा कापलं न्हाईत.

भरमू : नवं गुडघं हायती. सवय न्हाय त्यास्नी.

मालू : आत गेल्यावर त्येनं तोंड फिरीवलं तर?

भरमू : डाव्या अंगावर निजलाय. फिरीवलं तर तुझ्याकडंच ईल. ऊठ. दार मी उघडतो.

मालू : नगं. उघडू नगं. हितनंच मारते. तशीच, अंधारात मारल्यागत. त्येला येऊ वाटलं तर येऊंदे.

भरमू : मार मग. पर पिसं काड गळ्यातली.

मालू : ऱ्हाऊ देत. पिसातच बघितलीया त्येनं मला. वळख लागंल.

भरमू : बरं. मार.

मालू : बा.

भरमू : दाराला कान लावू दे.

मालू : आलं का काय आयकू?

भरमू : त्या कोंबड्या वरडत्यात. थांब जरा.

मालू : कुणी कायच म्हणंना, भरमू. क्लबातल्यागतच.

भरमू : आनि एकदा मार. त्यो एका हाकंत कवाच उठला न्हाय. आई सुदीक तिनदा मारायची.

मालू : बा. मी हाय. तुलाच म्हणतीया.

(आत खाट कुरकुरते. काठी जमिनीवर टेकल्याचा आवाज. मग ती खाटेखाली घासल्याचा.)

बा : बंदे.

भरमू : आयला.

मालू : काय म्हणला त्यो?

भरमू : शपथ घेतल्यापासनं म्हशीसंगट बी बोलला न्हाय. आक्का, त्यो कानडीत बोलला.

बा : बंदे म्हणलो न्हवं. पर चप्पल खाटंखाली लांब गेलीया, मालू. जरा वाकून काडून दे.